रविवारचा भुंगा

जुलै संपत आला तरी मर्डीनाच्या वहीत मोठ्या पिवळ्या भुंग्याच्या रकान्यात शून्याशिवाय काही नव्हतं. मेमध्ये शून्य, जूनमध्ये शून्य, आणि जुलैत तर मोजायला बाहेर पडायचीच सोय नव्हती. समुद्रावरून येणारा वारा जिथे माणसाला सरळ उभं राहू देत नव्हता, तिथे भुंगा काय उडणार! मोजणीचे नियम तसे साधे होते. हवेत थोडी ऊब हवी, तेरा अंशांच्या वर, वारा अगदी हलका हवा, पाऊस नको, आणि वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. ठरलेल्या वाटेने हळूहळू चालायचं, दोन मीटर डावीकडे आणि दोन मीटर उजवीकडे जेवढे भुंगे दिसतील तेवढे लिहायचे. हे नियम ज्या शहाण्याने केले तो आमच्या बेटावर कधी आला नसावा. आला असता तर त्याने पहिला नियम 'छत्री आणू नका' असा केला असता.

मर्डीना मॅकास्किल अडुसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं तिने बेटाच्या उत्तर टोकाला टपालाची लाल गाडी चालवली, आणि त्या गाडीमुळेच ती या भुंग्याच्या नादाला लागली. एका जूनमध्ये उघड्या खिडकीतून एक अंगठ्याएवढा पिवळाधमक भुंगा आत शिरला आणि कुणाच्या तरी विजेच्या बिलावर जाऊन बसला. मर्डीनाने त्याला तीन घरं फिरवलं आणि चौथ्या घराच्या कुंपणाशी फुलांवर उतरवून दिलं. "तिकीट लावलेलं नव्हतं, पण पोचवायला तर हवा होता," असं ती सांगायची. पुढे कुठल्याशा पुस्तिकेत तिने त्याच भुंग्याचं चित्र पाहिलं. पूर्वी देशभर असलेला हा प्राणी आता आमच्यासारख्या दोन-चार उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर उरला आहे, असं खाली लिहिलं होतं. हे वाचून तिला एखाद्या ओळखीच्या घराला कुलूप दिसावं तसं झालं. निवृत्त झाल्यावर तिने वही घेतली आणि मोजायला लागली. त्यालाही आता सहा वर्षं झाली.

आमच्या ग्रिमाबोस्ट गावाचं समुद्राकाठी एक सामाईक कुरण आहे. वाळू आणि शिंपल्यांच्या चुऱ्यावर उगवलेलं, उन्हाळ्यात क्लोव्हरच्या तांबड्या फुलांनी आणि जांभळ्या गोंड्यांनी भरून जाणारं. मर्डीनाच्या हट्टाने गावाने ते सहा वर्षं मेपासून सप्टेंबरपर्यंत मेंढ्यांना बंद ठेवलं होतं, म्हणजे फुलं फुलतील आणि भुंग्याला खायला मिळेल. पहिली चार वर्षं भुंगा दिसला. कधी पाच, कधी नऊ, एकदा तर चौदा. मग दोन वर्षं एकही नाही.

चराई कमिटीचा सेक्रेटरी टॉर्किल, म्हणजे मर्डीनाचा मेहुणा, तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. शाळेत मर्डीनाच्याच बाकावर बसायचा. चौतीस वर्षं कमिटीचं इतिवृत्त त्याच्या हातचं, वर चर्चचा पंच. शब्दाला इतका पक्का की समोरच्याला वैताग यावा. फेब्रुवारीच्या बैठकीत त्याने विषय काढला होता.

"मर्डीना, दोन वर्षं झाली. तुझा पाहुणा काही आला नाही."

"यायला त्याला तुझी परवानगी लागते का?"

"त्याला लागत नाही, माझ्या मेंढ्यांना लागते. आत गुडघाभर गवत आणि त्या बिचाऱ्या कुंपणाबाहेर उभ्या राहून फुलं बघतात. सहलीला आल्यासारख्या."

सगळे हसले. मर्डीनाही हसली, पण तिला कळलं की या वेळी हसून भागणार नाही. शेवटी ठरलं ते असं, की जुलैच्या शेवटच्या मंगळवारी बैठक आहे, तोपर्यंत भुंगा दिसला तर कुरण बंद राहील. नाही दिसला तर बुधवारी सकाळी गेट उघडायचं, आणि पुढच्या वर्षांनाही हा विषय पुन्हा काढायचा नाही. टॉर्किलने ते शब्दशः लिहून घेतलं आणि मर्डीनाकडे पाहून म्हणाला, "पटलं ना?" पटलं म्हणण्यावाचून तिच्याकडे काय होतं?

या दोघांमध्ये भुंग्याशिवाय आणखी एक काटा होता. मर्डीनाची बहीण शोनाग तीन वर्षांपूर्वी गेली. कबरस्तान कुरणाला लागूनच आहे, मधे फक्त दगडी भिंत. आमच्याकडे ज्याचं माणूस त्याने कबरीवरचं गवत कापायचं, आणि ऑगस्टमध्ये चर्चच्या मोठ्या प्रार्थनांना पाहुणे येण्याआधी तर कापायचंच. दुसऱ्याच्या कबरीला कात्री लावणं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरात शिरून त्याची भांडी घासण्यासारखं समजतात. टॉर्किलने तीन वर्षांत एकदाही गवत कापलं नव्हतं. शोनागच्या दगडावरचं निम्मं नाव गवतात बुडालं होतं. मर्डीना त्याला बोलायची, टोमणे मारायची, आणि तो दर वेळी "कापीन" म्हणून विषय बदलायचा. ज्या बाईने याचे शर्ट तीस वर्षं इस्त्री केले, तिच्यासाठी याला अर्धा तास मिळू नये, याचा मर्डीनाला मनापासून राग होता.

तिची मोजणीची वाटही त्या भिंतीपाशी येऊन वळायची. पहिल्या वर्षी वाट तिने स्वतःच आखली होती. कबरस्तानात वही घेऊन किडे मोजत हिंडणं तिला बरं वाटेना, म्हणून तेवढा कोपरा तिने सोडून दिला होता.

शनिवारी दिवसभर पावसाने झोडपलं आणि रविवारी सकाळी मर्डीना उठली तर वारा पडलेला. खिडकीतून शेजारच्या धुराड्याचा धूर सरळ वर जाताना दिसला, तसा आमच्याकडे वर्षातून चार वेळा दिसतो. समुद्र एखाद्या ताटलीसारखा पडला होता. दहा वाजता दारावरच्या तापमापकाचा पारा सतरावर गेला. मर्डीनाने चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"आजच?" ती छताकडे बघून म्हणाली. "सहा दिवस मोकळे होते की तुला!"

रविवार म्हणजे रविवार. त्या दिवशी आमच्याकडे कुणी गवत कापत नाही, होडी काढत नाही, कपडे वाळत घालत नाही. बटाटेसुद्धा शनिवारी सोलून पाण्यात ठेवतात. हेस्टर नावाची मुलगी एका संस्थेकडून भुंग्यांच्या कामाला आली तेव्हा पहिल्याच रविवारी तिने दोरीवर धुणं टाकलं होतं. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही, पण सोमवारी दुकानात गेल्यावर तिच्या मोज्यांचे रंग सगळ्या गावाला पाठ होते. मर्डीना लहान असताना एका सप्टेंबरमध्ये तीन आठवडे पाऊस लागला होता आणि कोरडा दिवस एकच मिळाला, तोही रविवार. तिच्या वडिलांनी कापलेलं गवत तसंच पडू दिलं. सोमवारी पुन्हा पाऊस आला आणि गवत कुजलं. त्या हिवाळ्यात दोन गाई विकाव्या लागल्या, पण वडिलांच्या तोंडून हाय निघाली नाही. त्या माणसाच्या मुलीने भुंग्यांसाठी वही काढायची?

वही कपाटात राहिली. मर्डीनाने काळा कोट घातला, टोपी घातली आणि ती चर्चला गेली.

प्रार्थना दीड वाजता सुटली. परतीची वाट कुरणाच्या कुंपणाला लागून जाते आणि मग कबरस्तानाच्या भिंतीशी चढ चढते. मर्डीना खाली मान घालून चालली होती, मुद्दाम, कारण दोन्ही बाजूंना क्लोव्हर असं फुललं होतं की बघितलं असतं तर पाय थांबले असते. पण कान काही खाली घालता येत नाहीत. कुंपणाच्या तारेपलीकडे हातभरावर घुंऽऽ असा जाड, सावकाश आवाज आला, आणि तिने पाहिलंच.

पिवळा. नखशिखांत पिवळा, पिकल्या ओट धान्याच्या रंगाचा, आणि दोन पंखांच्या मधे एकच काळा पट्टा, रेघ मारल्यासारखा. तो एका बोंडावरून दुसऱ्या बोंडावर गेला, वजनाने ते बोंड वाकवलं, डोकं आत घातलं. दोन वर्षं! दोन वर्षं ती या एका किड्यासाठी वाऱ्यात गाल सोलून घेत हिंडली होती.

मागे बुटांचा आवाज आला. टॉर्किल. हातात बायबल, दुसऱ्या हातात टोपी. तोही थांबला. त्याचीही नजर तारेपलीकडे गेली, आणि मग मर्डीनाकडे.

"छान दिवस आहे," टॉर्किल म्हणाला.

"आहे," मर्डीना म्हणाली. "रविवार आहे."

आणि ती निघाली. आणखी एक क्षण थांबली असती तर तिने मोजायला सुरुवात केली असती, तिला स्वतःची चांगली ओळख होती. घर येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर मात्र टोपीसकट खुर्चीत बसून राहिली आणि तिला रडूच आलं.

सोमवारी धुकं. इतकं दाट की स्वतःच्या फाटकाची कडी चाचपडून शोधावी लागली. अकरा वाजता हेस्टरचा फोन आला.

"मर्डीना, काही दिसलं का?"

"मोजणीत काही नाही."

"आणि मोजणीबाहेर?"

ही पोर हुशार होती. मर्डीनाला खोटं बोलता येत नव्हतं आणि गप्पही बसता येत नव्हतं, म्हणून तिने रविवारचं सगळं सांगून टाकलं. पलीकडून हेस्टर इतक्या जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मग लिहा ना! मोजणीच्या वाटेवरच दिसायला पाहिजे असं थोडंच आहे? कुठेही दिसला तरी नोंद चालते. फक्त तारीख टाका."

"तेच तर. तारीख कुठली टाकू?"

"रविवारची!"

"म्हणजे चर्चमधून येताना मर्डीना भुंगे मोजत होती, असं मी माझ्या हाताने लिहून देऊ?"

"मग सोमवारची टाका."

"आता तू मला खोटं बोलायला सांगतेस. बघ, एका फोनमध्ये बायबलातल्या दोन आज्ञा मोडायला निघालीस."

"मर्डीना, तुम्ही फक्त पाहिलात! पाहणं म्हणजे काय काम असतं का?"

"सहा वर्षं माझं ते कामच आहे, पोरी. तूच मला प्रमाणपत्र दिलंस. भिंतीवर लावलंय."

हेस्टर हळू आवाजात म्हणाली, "परवा गेट उघडलं तर आठ दिवसांत फुलं संपतील. भुंगाही संपेल."

"माहीत आहे मला," मर्डीना म्हणाली. "उद्या बैठकीला ये. पण एक शब्द बोलायचा नाही. वचन दे."

वचन दिलं गेलं, पण दातओठ खात.

दुपारीही धुकं हटेना. मर्डीनाला घरात बसवेना. हातून काहीच होत नाही, निदान एक गोष्ट तरी नीट होऊ दे, असं म्हणत तिने गवत कापायची मोठी कात्री घेतली आणि ती कबरस्तानात गेली. जनरीत गेली खड्ड्यात. पंधरा दिवसांनी गावभर पाहुणे येतील आणि शोनागचं नाव गवतातून शोधतील, हे तिला सहन होणार नव्हतं. ती दगडापाशी गुडघे टेकून बसली, ओल्या गवताची एक मूठ धरली आणि कात्री उघडली.

"काय चाललंय?"

धुक्यातून टॉर्किल आला. कुत्रा बरोबर नव्हता, काठीही नव्हती. जणू तो आधीपासूनच जवळपास होता.

"तू तीन वर्षांत जे केलं नाहीस ते."

"ती कात्री खाली ठेव."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"हे शोनागला सांगून बघायचं होतंस. तीसुद्धा ऐकायची नाही." मर्डीनाचा आवाज चढला. "अरे, लाज कशी वाटत नाही तुला? मेंढ्यांची लोकर वेळेवर कापतोस, कुंपणं वेळेवर रंगवतोस, आणि इथे हे जंगल!"

टॉर्किल पुढे आला आणि तिच्या आणि दगडाच्या मधे उभा राहिला, अवघडल्यासारखा, खाली बघत पाय जपून टाकत. तो दगडाच्या पायथ्याशी बघत होता. मर्डीनाला वाटलं, बायकोचं नाव वाचतोय, आणि तिचा राग थोडा निवला.

"परवा काप," तो म्हणाला. "उद्याची बैठक होऊ दे. परवाही तुला कापावंसं वाटलं तर मी गवत धरतो, तू काप."

"बैठकीचा आणि याचा काय संबंध?"

"परवा," टॉर्किल पुन्हा म्हणाला.

कधी नव्हे ते त्याच्या आवाजात विनंती होती. मर्डीनाने कात्री मिटली.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सभागृहात चौदा माणसं जमली. बाहेर उजेड भरपूर, वाराही भरपूर. मागच्या बाकावर हेस्टर बसली होती, ओठ घट्ट मिटून. पहिला विषय मेंढ्यांना औषधाच्या पाण्यातून काढायच्या हौदाचा होता. त्याची गळती तीन वर्षं चर्चेत आहे आणि या वेळीही ती चर्चेतच राहिली. मग टॉर्किलने चष्मा वर सरकवला आणि फेब्रुवारीचा ठराव वाचला.

"मर्डीना, काय आहे?"

ती उभी राहिली. हातात सहा वर्षांची वही होती. रात्रभर तिने विचार केला होता आणि शेवटी वडिलांच्या कुजलेल्या गवतापाशीच येऊन थांबली होती.

"मोजणीत काही नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

हेस्टरला मागे जोराचा खोकला आला.

"संपलं मग," फिनले म्हणाला. गावातल्या सगळ्यात जास्त मेंढ्या त्याच्या, आणि सगळ्यात जास्त तोंडही त्याचंच, पण माणूस वाईट नव्हे. "मर्डीना, सहा वर्षं तू केलंस ते कुणी केलं नसतं. पण आता उद्या गेट उघडू या. लिही टॉर्किल."

टॉर्किलने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, तो पुसला, पुन्हा घातला.

"थांब. मी पाहिला."

"काय पाहिलास?"

"भुंगा."

"तू?" फिनले हसायलाच लागला. "शोनागच्या केकमधले मनुके तू माश्या समजून बाजूला काढायचास! तो साधा तांबूस केसाळ भुंगा असणार. तो काय, माझ्या शौचालयातही असतो."

"तांबूस नव्हे. त्याला पट्टा नसतो. याला होता, पंखांच्या मधे, काळा. बाकी अंगभर पिवळा." टॉर्किल एकेक शब्द मोजून बोलत होता. "सहा वर्षं दर बैठकीत मर्डीना हे सांगते आणि दर बैठकीत मी ते लिहून घेतो. मला पाठ आहे."

"कधी पाहिलास?"

"रविवारी."

चहाच्या भांड्यातलं पाणी तेवढं उकळत राहिलं. मर्डीनाचं तोंड उघडं पडलं होतं. हा बोलेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. याच्या साठ मेंढ्या बुधवारची वाट बघत होत्या.

"बरं, चर्चमधून येताना दिसला तर दिसला," फिनले जरा नरमाईने म्हणाला. "डोळे काय खिशात ठेवायचे? पाहण्यात पाप नाही."

"पाहून पुढे गेलो असतो तर नव्हतं. मर्डीनाने पाहिला आणि ती पुढे गेली. मी थांबलो." टॉर्किलचे कान लाल झाले होते. "तो कुरणातून उडाला आणि भिंतीवरून कबरस्तानात गेला. मी मागे गेलो. तो शोनागच्या दगडामागे गवतात शिरला. उंदराचं जुनं बीळ आहे तिथे, वरून दिसत नाही. मग दुसरा आला, तोही आत गेला. मग मी तिथे बसलो. आणि मोजले."

"मोजलेस?" मर्डीनाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"सतरा. आत जाणारे. सव्वा तास बसलो होतो. घरी गेलो तर सूप गार झालं होतं."

"सतरा!" हेस्टर बाकावरून उठलीच. वचन गेलं वाऱ्यावर. "म्हणजे तिथे घर आहे त्यांचं! या बेटावर दहा वर्षांत कुणाला त्याचं घर सापडलेलं नाही!"

मर्डीनाला मात्र ओल्या गवताची ती मूठ आठवली आणि उघडी कात्री.

"पण ते कबरस्तानात राहतात ना?" फिनले म्हणाला. "कुरणात नाही. कबरस्तानात मेंढ्या कोण सोडतंय?"

"राहतात तिकडे, जेवतात इकडे. प्रत्येकाच्या पायाला कुरणातल्या फुलांचे पराग लागलेले होते. तुझं घर तुला ठेवतो फिनले, फक्त ताट काढून घेतो. चालेल?"

फिनलेने एवढंच विचारलं, "आणि तुझ्या मेंढ्या?"

"डोंगरावर राहतील. तिकडे गवत वाईट आहे, पण आहे."

मग टॉर्किलने वही पुढे ओढली आणि लिहायला लागला. तो नेहमी लिहिताना मोठ्याने म्हणायचा, म्हणजे नंतर कुणी नाही म्हणायला नको. "मोठा पिवळा भुंगा. सतरा. कबरस्तान, शोनाग मॅकलेलनच्या कबरीमागे. पाहणारा आणि मोजणारा, सेक्रेटरी स्वतः. वार..." इथे पेन थांबलं. चौतीस वर्षांत त्या वहीत कधी तो वार आला नव्हता. चर्चच्या पंचाने तो लिहिला, तारखेसकट, आणि खाली नेहमीसारखी रेघ ओढली. "रविवार, सव्वीस जुलै. गेट बंद राहील. पाद्रीबुवांना मीच सांगेन, तुम्ही कुणी धावत जायची तसदी घेऊ नका. आता चहा."

बुधवारी वारा पडला. ऊन फार नव्हतं, पण चौदा अंश होते, चालण्यासारखे. हेस्टर कॅमेरा आणायला गाडीकडे गेली होती. मर्डीना कबरस्तानात आली तेव्हा टॉर्किल दगडापासून हातभर अंतर सोडून बसला होता, कोट अंथरून.

"कात्री आणलीस?" त्याने विचारलं.

"टोचून बोलू नकोस."

"बोलणार. सहा वर्षं अख्ख्या गावाला सांगतेस, गवत कापू नका, सप्टेंबरपर्यंत थांबा. आणि मला म्हणतेस, काप. सगळ्या बेटावर तुझं ऐकणारा मी एकटाच, आणि शिव्याही मलाच."

मर्डीना त्याच्या शेजारी बसली. "तू काही माझं ऐकून ठेवलं नव्हतंस."

"नाही," टॉर्किल म्हणाला. "पहिल्या वर्षी कात्री घेऊन आलो होतो. चांगली धार लावून. इथे बसलोही. पण तिच्यावर उगवलेलं काही कापायचं माझ्या हातून होईना. परत गेलो. दुसऱ्या वर्षी कात्री घेऊन यायचंही जमलं नाही."

तीन वर्षं मर्डीनाने या माणसाला मनातल्या मनात नाही नाही ते म्हटलं होतं, आणि काही तोंडावरही. ते सगळं आता परत कसं घ्यायचं? तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"मला वाटलं, तू विसरलास तिला. माझं चुकलं, टॉर्किल."

"हं," तो म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले ते लपवलं नाही. "आत जाणारेच मोजायचे असतात ना? की बाहेर येणारेही?"

"फक्त आत जाणारे. नाहीतर एकच दोनदा मोजला जातो. तू बरोबर मोजलेस."

तिने वही उघडली. मोजणीच्या वाटेचे सहा टप्पे वर लिहिलेले होते, कुरणाच्या गेटपासून पुढचे. त्यांच्या आधी थोडी जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात नवा पहिला टप्पा लिहिला: शोनागचा दगड.

भिंतीवरून तो जाड, सावकाश आवाज आला. दोघांनीही श्वास रोखला. पिवळा भुंगा त्यांच्या डोक्यावरून गेला, दगडाच्या वरच्या कडेवर क्षणभर टेकला आणि गवतात खाली उतरला.

"एक," टॉर्किल कुजबुजला.

मर्डीनाने वही आणि पेन्सिल त्याच्या मांडीवर ठेवली.

"लिही तूच. आज बुधवार आहे."